लाल-काळी

दोन सडपातळ अंगं, लांबीभर एकमेकींना चिकटलेली. एक लाल, एक काळी. कधी दोन्ही पारदर्शक असतात, आतलं तांबं उघड दाखवणाऱ्या, आणि ओळखीसाठी एकीच्या कडेनं बारीक रेघ ओढलेली. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागून ती निघते, कपाटामागच्या धुळीतून, स्कर्टिंगच्या कडेकडेनं, चौकटीला वळसा घालून जाते आणि स्पीकरच्या पाठीत शिरते. घरात आली की लपणं तिच्या वाट्याला येतं. स्पीकरचं लाकूड पाहुण्यांना दाखवलं जातं, अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट सांगितले जातात. स्पीकरच्या वायरीची ओळख कुणी कुणाला करून देत नाही. तिच्याकडे लक्ष जातं ते बहुतेकदा तिचं काही बिनसल्यावरच.

तिचं काम निरोप्याचं. अ‍ॅम्प्लिफायरनं सांगितलेलं स्पीकरला जसंच्या तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि वाटेत सांडायचं नाही. पदरचे सूर घालील अशी वायर अजून जन्मायची आहे. सांडणाऱ्या मात्र घरोघरी आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कुणीतरी त्यांना झेपणार नाही इतक्या लांब पाठवलेलं असतं, किंवा अशा स्पीकरला जोडलेलं असतं जो त्यांच्या अंगातल्या तांब्याच्या मानानं फार खादाड आहे. लाल-काळीचा सगळा स्वभाव तिच्या जाडीत आहे. ती जाडी नीट निवडली, तर ती आयुष्यभर तोंडातून ब्र काढत नाही.

तिचं माहेर तांब्याचं. बालाघाट जिल्ह्यात, आपल्या गोंदियाच्या शेजारी, मलांजखंडला हिंदुस्थान कॉपरची खाण आहे. तांब्याची देशातली सर्वांत मोठी. त्याच कंपनीचा कारखाना रायगड जिल्ह्यात तळोज्याला आहे आणि तिथं तांबं वितळवून त्याची अखंड सळई ओततात. वायरीच्या कारखान्यात अशी सळई येते तेव्हा ती साधारण आठ मिलिमीटर जाड असते. एकापेक्षा एक लहान भोकांतून तिला ओढत नेतात. ओढताना तांबं कडक होतं, म्हणून तापवून त्याला पुन्हा मऊ करतात. असं करत करत ती तार ०.१९३ मिलिमीटरवर येते. अशा कितीतरी तारा एकत्र पिळल्या, वर पीव्हीसीचं अंगडं चढवलं, की लाल-काळीचं एक अंग तयार. एकच जाड तार घेतली असती तरी वीज तेवढीच वाहिली असती. पण ती पुन्हा पुन्हा वाकवल्यावर मोडली असती, आणि लाल-काळीला आयुष्यभर कोपरे वळायचे असतात.

जुन्या दुकानदारांच्या तोंडी तिची नावं आकड्यांची. १४/७६, २३/७६, ४०/७६. पहिला आकडा तारांचा. दुसरा एका तारेच्या जाडीचा, म्हणजे ०.००७६ इंच, तेच वरचे ०.१९३ मिलिमीटर. तेव्हा चाळीस-शहात्तर म्हणजे तसल्या चाळीस तारांची वायर. सगळ्या तारांचं तोंड मिळून जेवढी जागा होते, ते तिचं खरं माप. चौदावालीत ०.४१ चौरस मिलिमीटर तांबं असतं, तेवीसवालीत ०.६७ आणि चाळीसवालीत १.१७. हल्ली दुकानात 'दीड एमएम', 'अडीच एमएम' म्हणतात, तेही चौरस मिलिमीटरच. अडीच एमएम म्हणजे अडीच मिलिमीटर जाड, असं समजून पट्टी लावणारा माणूस उगाच दुकानदारावर संशय घेतो. अडीचच्या वायरीतलं तांबं एकाच भरीव तारेत ओतलं, तर त्या तारेचा व्यास पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरेल. परदेशी वेष्टनावर अमेरिकी गेज लिहिलेलं असतं आणि त्याचा हिशेब उलटा चालतो. आकडा वाढला की वायर बारीक. अठरा गेज म्हणजे ०.८२ चौरस मिलिमीटर, सोळा म्हणजे १.३१, चौदा म्हणजे २.०८, बारा म्हणजे ३.३१. गेज तिनानं वाढलं की तांबं निम्मं होतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या एका काउंटरवर ऐकलेला संवाद मला लाल-काळीविषयी पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. कॉलेजातला एक मुलगा आला होता.

"काका, स्पीकरची वायर द्या. जाडवाली."

"जाड म्हणजे केवढी? स्पीकर कसला आहे?"

"पन्नास वॅटचा."

"वॅट नको सांगूस. ओहम सांग. पाठीमागं लिहिलेलं असतं."

मुलानं घरी फोन लावला, आईला स्पीकर फिरवून वाचायला लावलं. "चार."

"आणि लांब किती न्यायचाय?"

"समोरच्या भिंतीला. पंधरा फूट."

"हवेतनं नेणार आहेस का? कडेकडेनं नेशील, मध्ये दार असेल. पस्तीस फूट धर." काकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून हिशेब केला आणि हात चाळीस-शहात्तरच्या बंडलावरून काढून अडीचच्या बंडलावर ठेवला. "ही ने. दोन पैसे जास्त जातील, पण परत यायला नको."

त्या पुटपुटण्यात काय होतं ते सांगतो. तांब्याची एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटरची तार विजेच्या वाटेत साधारण ०.०१७ ओहमचा अडथळा उभा करते. लांबी दुप्पट केली की अडथळा दुप्पट, तांबं दुप्पट केलं की अडथळा निम्मा. जर्मनीत गेओर्ग ओहमनं १८२७ साली हे सगळं लिहून ठेवलं आणि तेव्हापासून त्यात काना-मात्रेचा फरक झालेला नाही. एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात. वीज लालमधून जाते आणि काळीतून परत येते. म्हणून दहा मीटर अंतर असलं, तर अडथळा वीस मीटरचा मोजायचा. दहा मीटर अंतराला चौदा-शहात्तर लावली तर तिचा अडथळा ०.८४ ओहम होतो, चाळीस-शहात्तरचा ०.२९ आणि अडीचच्या वायरीचा ०.१४.

आता समोर स्पीकर चार ओहमचा असेल, तर चौदा-शहात्तर अ‍ॅम्प्लिफायरकडून निघालेल्या शक्तीतली सतरा टक्क्यांच्यावर स्वतःच गिळते आणि उष्णतेत घालवते. तोच स्पीकर आठ ओहमचा असता, तर हे प्रमाण साडेनऊ टक्क्यांवर आलं असतं. काकांनी वॅट विचारले नाहीत ते यासाठी. प्रमाण वॅटवर ठरतच नाही. आवाज हळू असो वा मोठा, वायर त्याच हिशेबानं सांडते. वॅटचा संबंध येतो तो वायर तापण्याशी, आणि घरातल्या ऐकण्यात वायर तापवील एवढा प्रवाह क्षणभरच वाहतो.

किती सांडलेलं चालेल, याचा एक आडाखा अमेरिकेतल्या मॅकिंटॉश कंपनीत स्पीकर घडवणाऱ्या रॉजर रसेल यांनी लोकांपुढे ठेवला आणि तो मला मनापासून पटतो. येण्याजाण्याच्या वायरीचा मिळून अडथळा स्पीकरच्या लिहिलेल्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. आठ ओहमला ०.४, चार ओहमला ०.२. एवढ्यात आवाजातली घट अर्ध्या डेसिबलच्या आत राहते. या आडाख्यानं चाळीस-शहात्तर आठ ओहमच्या स्पीकरपर्यंत तेरा मीटर आरामात जाते, पण चारच्या स्पीकरसाठी साडेसहा मीटरवरच तिचा दम संपतो. दीडची वायर आठला सतरा मीटर जाते, चारला साडेआठ. अडीचची आठला एकोणतीस आणि चारला साडेचौदा. आणि चौदा-शहात्तर? तिला नाकं मुरडण्याचं कारण नाही. आठ ओहमचा स्पीकर, साडेचार मीटर अंतर, अशा बेतात ती जाड वायरीइतकंच चोख काम करते. टेबलावरच्या स्पीकरांच्या जोडीला यापेक्षा जास्त कशाची गरजच नसते. लहान तोंडी मोठा घास आपण द्यायचा आणि मग तिला बोल लावायचा, हे काही बरं नाही.

आता थोडं खोलात जायला हवं, कारण इथवर ऐकून कुणी म्हणेल की सांडलं तर सांडलं, आवाजाचं बटण थोडं पुढे सरकवू. घट सगळ्या सुरांत सारखी असती तर ते खरं झालं असतं. पण स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले आठ किंवा चार ओहम हे त्याचं कायमचं माप नाही, नावापुरतं आहे. आजच्या स्पीकरचा नमुना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचं एक हलकं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदी शंकू. वेटोळ्यात वीज खेळली की शंकू पुढे-मागे हलतो. हे वेटोळं हलताना स्वतःही वीज निर्माण करतं आणि येणाऱ्या विजेला अडवतं. खर्जातल्या एका ठरावीक कंपनावर शंकू मोकळा झुलतो, तिथं हा अडथळा वीस-तीस ओहमपर्यंत चढतो. मधल्या सुरांत कुठंतरी तो खाली उतरतो, कधी लिहिलेल्या आकड्याच्याही खाली. एकाच स्पीकरचं तोंड एका सुराला चार ओहमचं असतं आणि दुसऱ्या सुराला पंचवीसचं.

अशा स्पीकरला दहा मीटरवरून चौदा-शहात्तर लावली, की जिथं तो चार ओहमचा आहे तिथं आवाज दीड डेसिबलच्यावर खाली जातो, आणि जिथं पंचवीसचा आहे तिथं जेमतेम पाव डेसिबल. सुरांचा आपसातला तोल ढळला. एखाद्या जोडीत डग्ग्याचा घुमार आहे तिथंच राहतो आणि गाणाऱ्याचा मधला, भरीव आवाज किंचित आत ओढल्यासारखा होतो. मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात हे जाणवतं. तानपुऱ्याचा पडदा बाहेर येतो आणि गळा त्याच्या आड जातो. ऐकणारा म्हणतो की स्पीकर बरा नाही, किंवा मुद्रण जुनं आहे. आवाजाचं बटण कितीही फिरवलं तरी हा तोल परत येत नाही, कारण बटण सगळंच एकदम वर नेतं. तिथंच अडीचची वायर लावली, तर चार ओहमवरची घट ०.३ डेसिबल उरते आणि पंचवीसवरची जवळजवळ शून्य. दोहोंतला फरक कानाच्या पकडीबाहेर जातो. जाडी निवडायची ती आवाज वाढवायला म्हणून नव्हे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं जो तोल साधला, तो भिंतीच्या कडेनं येताना मोडू नये, यासाठी. मला हे फार मोलाचं वाटतं. कुणीतरी माइक दोन बोटं पुढे-मागे करून, रात्र जागवून बसवलेला तोल आपल्या घरी येऊन स्वस्तातल्या वायरीपायी बिघडावा, हा त्या कलाकारावर अन्याय आहे आणि आपल्यावरही.

लाल-काळीच्या नात्यागोत्यात एक तोतया आहे, तिच्याविषयी सावध राहिलंच पाहिजे. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. वेष्टनावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत सीसीए असं लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. तांब्यापेक्षा तिचा अडथळा दीडपटीच्या घरात असतो, म्हणजे अडीच लिहिलेली वायर कामाला दीड-पावणेदोनची भरते. स्क्रूखाली दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सपाट होत जातं, सांधा सैल पडतो, आणि वाकवून वाकवून तारा तुटतात. ओळखायला सोपी आहे. एक तार घेऊन ब्लेडच्या पात्यानं खरवडायची. खाली पांढरं निघालं की तोतया. बंडल उचलल्यावरही हाताला कळतं, आकाराच्या मानानं ते फार हलकं लागतं. दुसरी एक जात दिसायला फारच देखणी असते. करंगळीएवढं जाड, काचेसारखं लखलखतं प्लास्टिक, आणि कापून पाहावं तर आत मोजून थोडं तांबं. अंगापेक्षा बोंगा मोठा. वायरीचं तोंड कापून तांबं बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चांगला दुकानदार याला कधी नाही म्हणत नाही.

दुसऱ्या टोकाला तिची पूजा मांडणारे आहेत. मखमली खोक्यात, मीटरला हजारो रुपयांनी विकली जाणारी वायर मी पाहिली आहे आणि ऐकलीही आहे. तिच्या कागदावर प्राणवायूविरहित तांब्याचा मोठा महिमा गायलेला असतो. तांब्याच्या वाहकतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९१३ साली ठरलं. आज वायरीच्या कारखान्यात येणारं साधं शुद्ध तांबं त्या प्रमाणाला भिडतं, आणि प्राणवायूविरहित तांबं त्याच्या फार तर एखाद्या टक्क्यानं पुढे असतं. अडीचच्या जागी चारची साधी वायर घेतली, की अडथळा एका टक्क्यानं नाही, सदतीस टक्क्यांनी उतरतो. उंच सुरांना वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, असंही सांगतात. माणसाला ऐकू येणाऱ्या वरच्या टोकाला, म्हणजे वीस हजार हर्ट्झला, वीज तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोल उतरते. घरातल्या वायरीत त्यानं पडणारा फरक ओहमच्या काही शतांशांत राहतो. वायर योग्य जाडीची, खऱ्या तांब्याची आणि दोन्ही अंगं एकमेकींना चिकटलेली असली, की त्यापुढचा पैसा स्पीकरवर, नाहीतर खोलीतल्या पडद्यांवर आणि सतरंजीवर खर्च करावा. तिथं तो ऐकू येतो. एवढं मात्र खरं की दोन अंगं वेगळी करून, एक या भिंतीनं आणि एक त्या भिंतीनं नेऊ नयेत. तसं केल्यानं तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाढतं आणि अगदी वरचे सूर बुजतात. जोडीनं राहण्यातच लाल-काळीचं भलं आहे.

घराबाहेर पडल्यावर तिचं रूप बदलतं, आणि तिची खरी हिंमत मला तिथंच दिसते. गावात हरिनाम सप्ताह बसलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायर देवळात, एक कर्णा कळसाजवळ, एक वेशीवर, एक शाळेच्या बाजूच्या पिंपळावर. पहाटे काकडा सुरू झाला की त्याचे शब्द गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायला हवेत, आणि त्यासाठी वायर घरांच्या वळचणींवरून, खांबांवरून दोनदोनशे मीटर ओढलेली असते. तीही बारीकच. पाच टक्क्यांचा आडाखा लावला तर आठ ओहमसाठी इतक्या लांब मनगटाला झुकवील असली जड वायर लागेल. मग हे चालतं कसं? दोनशे मीटरच्या एक चौरस मिलिमीटरच्या जोडीचा अडथळा सात ओहमच्या जवळपास भरतो. आठ ओहमच्या भोंग्याला शंभर वॅट सरळ पाठवले, तर त्याच्यापर्यंत एकोणतीस वॅट पोचतील.

याची तोड जुनी आहे. मांडववाल्यांकडच्या अहुजा कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर स्क्रूंची एक पट्टी असते. त्यावर ४, ८, १६ असे ओहमचे आकडे आणि पुढे ७० व्होल्ट, १०० व्होल्ट लिहिलेलं. शंभर व्होल्टच्या स्क्रूवरून वायर काढली, की अ‍ॅम्प्लिफायर तेच शंभर वॅट जास्त दाबानं आणि कमी प्रवाहानं पाठवतो. आठ ओहमला साडेतीन अँपिअर लागायचे तिथं एका अँपिअरवर भागतं. वायरीतलं सांडणं प्रवाहाच्या वर्गानं मोजतात, त्यामुळे प्रवाह असा साडेतीनपटीनं उतरला की सांडणं बारापटीनं उतरतं. कर्ण्याजवळ एक छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर बसवून दाब पुन्हा खाली आणतात. त्याच बारीक वायरीतून, त्याच दोनशे मीटरवर, आता एकोणतीसच्या जागी सत्त्याऐंशी वॅट पोचतात. वायर एका तारेनंही जाड झालेली नाही, तिच्यावरचं ओझं तेवढं शहाणपणानं बांधलं. सांध्यांना मात्र टेप नीट गुंडाळलेली हवी. शंभर व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे, ओल्या हातानं धरल्यास जबर झटका बसतो, आणि सप्त्याच्या गर्दीत पोरं कुठंही हात घालतात.

आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनात या बारीक वायरीनं केवढं काम केलं आहे! गांधी आणि नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रं पाहिली, तर त्यांच्यापुढच्या माइकवर मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'चं नाव दिसतं. नाव माइकवर असतं, शब्द वक्त्याचे असतात, आणि मैदानाच्या पार टोकाला बसलेल्या माणसापर्यंत ते नेणारी वायर छायाचित्रात कुठंच सापडत नाही.

हल्ली मोठ्या कार्यक्रमांत भिंतीएवढे स्पीकर येतात, अडीच नाहीतर चारच्या चौपदरी केबली येतात, टोकाला फिरवून बसवायचा स्पीकॉन प्लग. त्या केबली चांगल्याच दणकट असतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, माया मात्र लाल-काळीवरच.

तिला जोडण्याचं कामही मायेनं करावं लागतं. इन्शुलेशन दातांनी ओढणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिले. त्यात दोनचार तारा तुटतातच आणि चाळीस-शहात्तरची छत्तीस-शहात्तर होते. वायर स्ट्रिपर नसेल तर धारदार ब्लेडनं वरचं प्लास्टिक गोल फिरवून हलकं कापावं, पातं तांब्याला लागू न देता, आणि मग बोटांनी ओढून काढावं. एक सेंटिमीटर उघडं तांबं पुरे. तारा ज्या दिशेनं मुळात पिळलेल्या आहेत त्याच दिशेनं घट्ट पिळाव्यात. बाहेर राहिलेली एखादी चुकार तार शेजारच्या टर्मिनलला टेकली, की अ‍ॅम्प्लिफायर शॉर्ट होतो. बुधवार पेठेत जुळवलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांत टूएन ३०५५ ही ट्रान्झिस्टरांची जोडी असायची. अशा कितीतरी जोड्यांचे बळी एकेका केसाएवढ्या तारेनं घेतले आहेत. काहीजण टोकाला कथलाचा डाग देऊन टोक कडक करतात. स्क्रूखाली तसं करू नये. कथील दाबानं हळूहळू बसतं आणि पकड सैल होते. त्यापेक्षा पिन लग दाबून बसवावी, नाहीतर नुसत्या पिळलेल्या तारा पक्क्या आवळाव्यात. स्पीकरच्या पाठीवरच्या स्प्रिंगच्या चापात अडीचची वायर कधी कधी मावत नाही. तेव्हा शेवटच्या बोटभर लांबीला बारीक तुकडा किंवा पिन जोडली तर काही बिघडत नाही, कारण अडथळा लांबीवर ठरतो आणि बोटभर बारीक वायरीचा अडथळा नगण्य असतो. चाप बसावा म्हणून तारा छाटू मात्र नयेत.

आणि लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरला बरोबर आणि दुसऱ्याला उलट जोडली, तर एकाचा शंकू पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. दोघांमधल्या हवेत खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. गाणारा समोर बसल्यासारखा वाटण्याऐवजी खोलीभर विखुरतो, आणि माणूस बासचं बटण पिळत बसतो. रंग पुसलेले, रेघ दिसेनाशी झालेली असली, तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यावा, अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सुटी करून क्षणभर त्याला टेकवावीत आणि स्पीकरकडे बघावं. शंकू बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला असलेली तार ती लाल. एवढी सोपी परीक्षा आहे, घरातलं लहान मूलही आनंदानं करतं.

वर्षांमागून वर्षं जातात तसं उघड्या टोकांवरचं तांबं काळवंडतं. कोकणात, समुद्रकाठी तर लवकरच. तिथं पारदर्शक वायरीच्या आतूनही हिरवटपणा चढत गेलेला दिसतो. आवाज मध्येच खरखरतो, मध्येच एक बाजू जाते, स्पीकरला चापट मारली की परत येते. स्पीकर दुरुस्तीला टाकण्याआधी दोन्हीकडची टोकं सोडवावीत, काळं पडलेलं बोटभर कापून टाकावं आणि आतलं गुलाबी तांबं नव्यानं उघडं करून आवळावं. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. हिरवटपणा फूटभर आत गेला असेल, तर तिथवर कापावं लागतं. म्हणून लाल-काळी घेताना दोरी लावून, सगळे कोपरे वळवून माप घ्यावं आणि त्यावर दोन्ही टोकांना हातहातभर जास्त घ्यावी. दोन्ही स्पीकरांच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात असं मात्र काही नाही; प्रत्येक वायर आपल्या आडाख्यात बसली की डाव्याला पाच मीटर आणि उजव्याला नऊ, असं खुशाल चालतं.